घरची रेडिओ टपालपेटी

ट्रस्टच्या गेल्या वार्षिक सभेत, जमाखर्च मंजूर होऊन चहा फिरू लागला तेव्हा, एका वडीलधाऱ्या सभासदांनी आम्हांस विचारले, "मास्तर, तुमच्या छपरावर ती काठी आहे, तिच्यावर म्हणे पत्रे येतात. पोस्टमन नाही, टॉवर नाही, महिन्याचे रिचार्ज नाही. मग महोत्सवाच्या निधीतून अशी यंत्रे आपण गावोगाव का बसवू नयेत?" प्रश्न रास्त होता, परंतु त्याचे उत्तर एक कप चहा संपेपर्यंत देता येण्यासारखे नव्हते. "स्मरणिकेत सविस्तर लिहितो," असे सांगून आम्ही त्या वेळी सुटका करून घेतली. तो वायदा आज पुरा करीत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आमच्या छपरावरील काठीचा मोबाइल फोनशी काही संबंध नाही. ती हौशी रेडिओची अँटेना आहे. धंद्यासाठी नव्हे, तर स्वतःच्या शिक्षणासाठी व प्रयोगासाठी रेडिओवरून परस्परांशी संभाषण करणाऱ्या परवानाधारकांस जगभर 'हॅम' म्हणतात. आपल्या देशात दूरसंचार विभागाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर हा परवाना मिळतो. परवान्याबरोबर प्रत्येकास 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होणारे एक खुणेचे नाव मिळते. त्यास कॉल साइन म्हणतात. जगात एक कॉल साइन एकाच माणसाची असते. तेव्हा पत्त्याचे काम तिनेच भागते; घर नंबर, मुक्काम, पोस्ट, जिल्हा काही लिहावे लागत नाही.

हॅम लोकांचे संभाषण बहुधा तोंडी चालते. त्यातील अडचण ही की, दोन्ही माणसे एकाच घटकेस आपापल्या यंत्रापाशी हजर असली पाहिजेत. आमचे एक स्नेही, तेही शिक्षक व परवानाधारक, उटनूरच्या बाजूच्या एका खेड्यात राहतात. आम्ही वर्गात असताना ते मोकळे, ते मोकळे नसताना आम्ही मोकळे, आणि रात्री त्यांच्याकडे वीज असली तर आमच्याकडे नाही. महिनोन्महिने आमची अशी चुकामूक होई. टपालाची खुबीच ही आहे की, लिहिणारा आणि वाचणारा यांना एका वेळी जागे राहावे लागत नाही. पोस्टाची लाल पेटी भर दुपारी झाडाखाली उभी असते, कोणी कधीही पत्र टाकावे. अशीच पेटी रेडिओवर ठेवता येते काय, या प्रश्नातून आमचा हा उद्योग सुरू झाला. प्रश्न मात्र आमच्या आधी इतरांस पडून त्याचे उत्तरही त्यांनी काढून ठेवले होते.

१९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरील संगणकयंत्रे रेडिओने जोडली. ज्याला काही कळवायचे असेल त्याने मजकुराचे छोटे पुडके बांधून हवेत सोडावे. दोघांची पुडकी एकमेकांवर आदळली तर प्रत्येकाने थोडा थोडा वेगळा वेळ थांबून पुन्हा सोडावे, अशी त्यांची रीत होती. १९७८ च्या मे महिन्यात कॅनडातील माँट्रियल शहराच्या हौशी मंडळींनी ती आपल्या लहरींवर आणली. १९८४ साली अमेरिकेत या पुडक्यांचे नियम 'ए.एक्स.२५' या नावाने छापून प्रसिद्ध झाले, आणि त्याच सुमारास अॅरिझोनातील टुसॉन येथील हौशी मंडळाने कोणालाही घरी जोडता येईल अशी एक छोटी यंत्रडबी सिद्ध केली. तिचे नाव टर्मिनल नोड कंट्रोलर. आमच्या घरात तिला नुसते 'डबी' म्हणतात, आणि या लेखातही तेच नाव चालवू. पुडक्यास इंग्रजीत पॅकेट म्हणतात म्हणून या साऱ्या विद्येचे नाव पॅकेट रेडिओ असे पडले.

आता डबी काय करते ते पाहू. संगणकावर टंकलेले पत्र डबीकडे जाते. डबी त्याचे तुकडे पाडते. एका तुकड्यात जास्तीत जास्त २५६ बाइट मावतात. आम्ही १२८ च ठेवतो, कारण लहान तुकडा गर्दीतून निभावून जातो. प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर कोणाकडे व कोणाकडून हे दोन कॉल साइन असतात, मग अनुक्रमांक, मग मजकूर, आणि अखेरीस दोन बाइटांची एक पडताळणी संख्या. ही संख्या मजकुरावरूनच ठराविक गणिताने काढलेली असते. किराण्याच्या यादीखाली दुकानदार बेरीज मांडतो. घरी येऊन आपण पुन्हा बेरीज केली आणि ती जुळली नाही, तर यादीत कोठे तरी आकडा फिरला हे कळते. तोच प्रकार येथे आहे. तयार झालेला तुकडा डबी दोन सुरांत बदलते, एक १२०० हर्ट्झचा व दुसरा २२०० हर्ट्झचा, आणि सेकंदास १२०० अंश या वेगाने ते सूर रेडिओतून सोडते. कान देऊन ऐकल्यास पत्र्यावर बारीक खडी ओतल्यासारखा खर्रर्र असा आवाज येतो. आमच्या आईंना तो अजिबात आवडत नसे.

पलीकडची डबी तो आवाज ऐकून पुन्हा अक्षरे बनविते व बेरीज करून पाहते. जुळली तर "अमुक नंबरपर्यंत पोचले" असे छोटे पुडके उलट पाठविते. जुळली नाही तर ती तो तुकडा टाकून देते आणि गप्प बसते. पोच आली नाही असे पाहून पहिली डबी तोच तुकडा पुन्हा सोडते; असे ठरविलेल्या वेळा करूनही यश आले नाही तर "संबंध तुटला" असे सांगून थांबते. याचा परिणाम असा की, पावसापाण्यात, वीज कडाडत असताना पत्र पोचायला उशीर लागेल, कदाचित पोचणारच नाही, पण जे पोचेल ते काना-मात्रेसह बरोबर पोचेल. तोंडी संभाषणात 'सात' चे 'साठ' झालेले आम्ही अनेकदा ऐकले आहे.

पेटी म्हणजे या डबीच्या स्मरणाचा राखून ठेवलेला एक भाग. कॉल साइनपुढे ० ते १५ पैकी एक आकडा लावण्याची सोय नियमांत आहे. आमची साधी कॉल साइन म्हणजे आम्ही स्वतः, आणि तिच्यापुढे १ लावला की आमची पेटी. स्नेह्यांनी आपल्या यंत्रावरून पेटीला साद घातली की पेटी स्वतःच ओ देते, नमस्काराची एक ओळ दाखविते आणि हुकुमाची वाट पाहते. हुकूम एकेका अक्षराचे असतात: 'एल' म्हटले की पत्रांची यादी, 'आर' व नंबर म्हटले की ते पत्र वाचावयास मिळते, 'एस' व कॉल साइन म्हटले की नवे पत्र लिहावयास सुरुवात, 'के' म्हटले की पत्र पुसून टाकणे, 'बी' म्हणजे खुदा हाफिज. पत्र लिहून संपल्याची खूण केली की पेटीकडून "जमा झाले" अशी ओळ उमटते. ही ओळ वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याविषयी पुढे सांगावयाचे आहे.

जुन्या डब्यांत पेटीसाठी जागा फार थोडी, म्हणून वाचून झालेले पत्र लगेच पुसण्याची शिस्त लागते. आणि लिपीचा प्रश्न येतो तो असा. हल्लीच्या संगणकांत जी यूटीएफ-८ नावाची लेखनपद्धती सर्रास चालते, तीत रोमन अक्षरास एक बाइट, उर्दू अक्षरास दोन व देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. आणि काना, वेलांटी, पाय मोडण्याची खूण ही प्रत्येक स्वतंत्र चिन्हे धरली जातात. आपल्या गावाचेच नाव घ्या. 'नार्नूर' रोमन लिपीत सात बाइट, उर्दूत बारा, आणि मराठीत एकवीस. सेकंदास १२०० अंश म्हणजे १५० बाइट. तेव्हा पोस्टकार्डभर, म्हणजे ६०० चिन्हांचा मराठी मजकूर नुसता सोडावयास १२ सेकंद लागतात, आणि पत्ते, पोच, पुन्हा पाठवणी धरून अर्धा मिनिट. हा खर्च आम्हांस जड वाटत नाही. परंतु आमची पहिली डबी इतकी जुनी होती की तिच्या पेटीत रोमनखेरीज दुसरे अक्षर शिरतच नसे. दोन मराठी शिक्षक एकमेकांस रोमन अक्षरांत मराठी लिहीत, आणि 'कर' की 'कार', 'मळा' की 'मला' हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ताडावे, असे कित्येक महिने चालले. आता ज्यांना नव्याने सुरुवात करावयाची आहे त्यांनी जुनी डबी शोधीत फिरू नये. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक, त्यावर डबीचे काम करणारा 'डायर वुल्फ' व पेटीचे काम करणारा 'लिनबीपीक्यू' हे दोन फुकट मिळणारे कार्यक्रम, आणि रेडिओस जोडणारी एक तार, एवढ्यात तेच काम अधिक चांगले होते.

यंत्र जमले तरी आपल्या भागातील खरा प्रश्न डोंगराचा. पॅकेट रेडिओसाठी आपण साधारणतः १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरतो. या लहरींची लांबी सुमारे दोन मीटर, म्हणून पाव लहरीची अँटेना अवघी अर्ध्या मीटरची होते. सळई आणि जुनी नळी वापरून ती घरीही करता येते. पण या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. सपाट मैदानावर त्या कोठवर पोचतील याचा एक ठोकताळा आहे: दोन्ही टोकांच्या अँटेनांची उंची मीटरमध्ये घ्या, प्रत्येकीचे वर्गमूळ काढा, दोहोंची बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते. दोन्हीकडे ९ मीटरची काठी असेल तर ३ अधिक ३ म्हणजे ६, गुणिले ४.१२, सुमारे २५ किलोमीटर. एका बाजूस १६ मीटरची काठी आणि दुसऱ्या बाजूस १०० मीटर उंचीची टेकडी असली तर ४ अधिक १०, म्हणजे सुमारे ५८ किलोमीटर. नववीच्या मुलांना वर्गमुळाचा उपयोग काय असे विचारले तर आम्ही हल्ली हेच उदाहरण देतो.

हिशोब मैदानाचा आणि आपण राहतो डोंगरात. नार्नूर व उटनूर यांमधील अंतर हिशोबात बसते. पण मधली एक टेकडी काही हिशोब जाणत नाही. पहिल्या काठीवर दहा पुडक्यांतून एखादे पोचे. काठी वाढविली, अँटेना छपराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकास नेली, तेव्हा कोठे दहांतून सात-आठ पोचू लागली. असा डोंगर आडवा आला की त्याच्या माथ्यावर पुडकी ऐकून पुढे सोडणारे एक मधले ठाणे बसविण्याची रीत आहे. त्यातही एक गंमत आहे. माथ्यावरील ठाण्यास दोन्ही दऱ्यांतील लोक ऐकू येतात, पण दऱ्यांतील लोकांस एकमेकांचा पत्ताच नसतो. हवा मोकळी आहे असे समजून दोघे एकाच वेळी सोडतात आणि माथ्यावर दोघांचीही नासाडी होते. वर्ग शांत दिसला म्हणून दोन बाकांवरील दोन मुलांनी एकदम उत्तर द्यावे, तसे. उपाय एकच, थांबण्याची वेळ प्रत्येकाची वेगळी ठेवणे आणि गर्दी वाढू न देणे.

उंचीचा हा हव्यास लोकांनी पार आकाशापर्यंत नेला. १९८६ साली जपानी हौशी मंडळींचा 'फुजी' उपग्रह अशी टपालपेटी घेऊन पृथ्वीभोवती फिरू लागला. एका देशावरून जाताना पत्र घ्यावे व दुसऱ्या देशावर उतरवावे, असे आकाशातील हरकाऱ्याचे ते काम. १९९० नंतरच्या वर्षांत रशियाच्या मीर स्थानकावरही पेटी होती, आणि तेथे राहिलेल्या अंतराळवीरांपैकी मुसा मनारोव हे स्वतः हॅम होते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील यंत्र १४५.८२५ मेगाहर्ट्झवर पुडकी ऐकून परत सोडते. ते चालू असले आणि स्थानक डोक्यावरून जात असले तर साध्या यंत्रावरही ती खर्रर्र ऐकू येते. हे स्थानक क्षितिजापासून क्षितिजापर्यंत सुमारे दहा मिनिटांत निघून जाते, तेव्हा हात तयार ठेवावा लागतो.

आता त्या "जमा झाले" या ओळीविषयी.

पेटी चालावयास वीज लागते, आणि आपल्याकडे ती नेमकी पेटीची गरज असते त्याच रात्री नसते. यासाठी आम्ही रेडिओ व डबी १२ व्होल्टच्या बॅटरीवर ठेवली होती. रेडिओ नुसता ऐकत बसला तरी अर्धा अँपिअर खातो असे धरा. दिवसरात्र मिळून १२ अँपिअर-तास झाले. आमची बॅटरी मोटारसायकलची, तिची सारी पुंजी याहून कमी. हे गणित आम्ही मुलांना शिकवितो, घरी मात्र मांडले नव्हते. शिवाय डबीच्या पोटात घड्याळाच्या सेलएवढा एक छोटा सेल असतो. मुख्य वीज गेली तरी पेटीतील पत्रांचे स्मरण हा सेल जपतो. तो काही वर्षांनी संपतो आणि संपल्याचे कोणास सांगत नाही.

एका पावसाळ्यात, ओढे दुथडी भरून रस्ता बंद झाला होता, वीज नव्हती, आणि संध्याकाळपासून फोनही मुके झाले होते. रात्री दहाच्या सुमारास स्नेह्यांनी आमच्या पेटीस साद घातली. पेटीने ओ दिली. त्यांनी पत्र लिहिले. पेटीने "जमा झाले" असे कळविले. आम्ही त्या वेळी शेजारच्या खोलीत झोपलो होतो. त्याच बॅटरीवर संध्याकाळी आम्ही दिवा लावून वह्या तपासल्या होत्या. पहाटेपूर्वी केव्हा तरी ती संपली, डबी बंद पडली, आणि पोटातील सेल आधीच संपलेला असल्यामुळे पेटी कोरी झाली. सकाळी बॅटरी भरून डबी चालू केली तेव्हा नव्या यंत्राप्रमाणे ती आम्हांसच आमचे कॉल साइन विचारू लागली. आम्ही वैतागलो, सर्व पुन्हा टंकले आणि शाळेत गेलो. पत्र आले होते हे सांगावयास काहीही उरले नव्हते.

स्नेह्यांच्या आईंचा त्या रात्री इंतकाल झाला होता. दफन दुसऱ्या दिवशी असरनंतर आहे, वरच्या बाजूच्या पुलावरून वाट आहे, एवढेच पत्रात होते. त्या बाईंच्या हातचे आम्ही कितीदा जेवलो आहोत. त्यांनी दुसऱ्या दिवशी असरपर्यंत आमची वाट पाहिली. पत्र पोचल्याची ओळ त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, तेव्हा आम्ही येणार याविषयी त्यांना शंका नव्हती. तिसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाल्यावर शिधावाटपाच्या दुकानापाशी एकाने आम्हांस ही बातमी सांगितली. आम्ही तसेच गेलो. त्यांनी आम्हांस बसविले, चहा दिला, आणि पत्राचा विषय काढला नाही. आम्हीच काढला. ते म्हणाले, "सर, पेटीने जमा झाले म्हणून सांगितले हो." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते आम्हांस अधिक लागले.

या गोष्टीत यंत्राची चूक काढता येत नाही. यंत्राने जे सांगितले ते त्या क्षणी खरे होते. पत्र पेटीत जमा झालेच होते. पेटीची पोच माणसाची पोच समजली गेली, आणि हा समज होऊ देण्यात आमचा दोष होता, कारण पेटी आम्ही मांडली होती. त्यानंतर आम्ही उभयतांनी काही गोष्टी ठरवून घेतल्या. पत्र वाचणाऱ्याने स्वतःच्या हाताने एक ओळ तरी उत्तर टाकायचे. ते येईपर्यंत लिहिणाऱ्याने पत्र पोचले नाही असेच समजायचे, आणि निकडीचे असेल तर दुसरी वाट शोधायची. पेटी दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी, सुटीच्या दिवशीही उघडायची. पोटातील सेल दर ईदला बदलायचा, मग तो चांगला असो वा नसो. बॅटरी गाडीची घेतली, तिच्यावर दिवा लावणे बंद केले, आणि महिन्यातून एकदा मुद्दाम वीज तोडून पेटीतील पत्र राहते की जाते हे पाहतो. कोठे परगावी जाणार असलो तर पेटीच्या नमस्काराच्या ओळीत "अमुक तारखेपर्यंत पेटी उघडली जाणार नाही" असे लिहून जातो. पेटी बंद करून जाणे पुष्कळदा अधिक प्रामाणिकपणाचे असते.

वडीलधाऱ्या सभासदांच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी कायद्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. १९७८ च्या नियमांनी या छंदाची जी चौकट आखली तिचा गाभा असा: हौशी रेडिओवर व्यापाराची बोलणी करावयाची नाहीत, सांकेतिक अथवा गुप्त भाषा वापरावयाची नाही, आणि परवाना नसलेल्या तिसऱ्या माणसाचा निरोप एरवी पोचवावयाचा नाही. नैसर्गिक आपत्तीत नेहमीची दळणवळणाची साधने बंद पडली असता, अधिकाऱ्यांच्या निरोपांपुरती या शेवटच्या बंधनातून सूट ठेवलेली होती. पेटीतील पत्र 'खाजगी' म्हणून टाकता येते, पण तो शब्द केवळ यादीपुरता. हवेतून जाणारे पुडके ज्याच्यापाशी डबी आहे त्याला वाचता येते. पोस्टकार्ड पोस्टमननेही वाचावे, तसेच हे आहे. तेव्हा कोणाचे दुखणे, सोयरिकीची बोलणी, ट्रस्टच्या पैशांचा हिशोब, यांतले काहीही येथे येता कामा नये. आणखी एक बारीक मुद्दा असा की, मालक घरी नसताना पेटी आपण होऊन प्रक्षेपण करते. आपल्या परवान्यात हे बसते काय, हे ज्याने त्याने परवाना देणाऱ्या कार्यालयास लेखी विचारून घ्यावे. आम्ही विचारले, आणि उत्तर येईपर्यंत पेटी आम्ही घरी असतानाच चालू ठेवीत होतो.

म्हणजे गावोगाव यंत्रे बसवून सर्व सभासदांनी एकमेकांस पत्रे लिहावीत, ही कल्पना कायद्यातच बसत नाही. यंत्र ट्रस्टने घेतले तरी ते परवानाधारकाखेरीज कोणास चालविता येणार नाही, आणि आज आपल्या सर्व सभासद-कुटुंबांत परवानाधारक एकटे आम्ही आहोत. एका माणसाची टपालपेटी ही टपालपेटीच नव्हे. तिच्यात पत्र कोण टाकणार?

तरीही या प्रश्नास आम्ही सरळ नकार देऊ इच्छीत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली, सुमारे दहा हजार माणसे गेली, तेव्हा दळणवळणाच्या मदतीस हौशी रेडिओवाले धावून गेले होते. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी अंदमानवर आदळली त्या वेळी श्रीमती भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी योगायोगाने पोर्ट ब्लेअरला होते. त्यांच्या यंत्रावरून बेटांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर गेले. दोन्ही प्रसंगी उपयोगी पडली ती आधीपासून परवाना असलेली, रोज सराव असलेली माणसे. भूकंप झाल्यावर परीक्षेस बसता येत नाही. आपल्याकडे भूकंप नसला तरी ओढे आहेत, घाट आहेत, आणि दर पावसाळ्यात दोन-चार दिवस एखादा पाडा जगापासून तुटतो. अशा वेळी "बाळंतीण आहे, गाडी कोणत्या वाटेने येईल" हा निरोप अधिकाऱ्यांच्या संमतीने, अक्षराचीही चूक न होता पोचविण्यास पॅकेट रेडिओसारखे साधन नाही. परंतु त्यासाठी टेकडीच्या दोन्ही अंगांस जागी माणसे पाहिजेत.

सबब, ट्रस्टने महोत्सवी निधीतून तूर्त एकही यंत्र घेऊ नये, अशी आमची शिफारस आहे. त्याऐवजी परीक्षेची फी, पुस्तके, आणि हैदराबादपर्यंतचा जाण्यायेण्याचा खर्च मुलामुलींना द्यावा. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणासही परीक्षेस बसता येते. विद्युतशास्त्राचा पाया, रेडिओची तत्त्वे आणि नियम, एवढाच अभ्यास आहे. आठवी-नववीच्या हुशार मुलास तो जड नाही. हैदराबादेत १९८३ साली स्थापन झालेली राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था आहे. चौकशीसाठी ते ठिकाण उत्तम. निरनिराळ्या पाच गावांतून पाच परवाने झाले की मग टेकडीवरील ठाण्याचा विचार करू. ते ठाणे कोणाच्या शेतात बसवावे याविषयी आमच्या मनात एक जागा आहे, पण शेतमालकांशी अद्याप बोललेलो नाही, म्हणून येथे लिहीत नाही.

स्नेह्यांनी या कामी हात देण्याचे कबूल केले आहे. त्यांच्या बाजूच्या मुलांना ते शिकवतील. आमच्याकडील वर्ग दर रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या घरी भरेल. फी नाही. चौकटीची वही, पट्टी व पेन्सिल आणावी. मुलींना पाठविण्यास संकोच करू नये, आमच्या घरात बायामाणसे आहेत. पहिल्या दोन रविवारी रेडिओस हात लावू दिला जाणार नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे, नाही तर ती हिरमुसतात. आणि ज्या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नावरून हे सारे लिहिले गेले त्यांनी रात्री नऊ वाजता कधीही यावे. त्या वेळी आम्ही पेटी उघडतो.